कास्तुलोचा खांब आणि देवाची वेळ

सूर्याबद्दल काही विचारायचं असेल तर कास्तुलो बेरोनेसला विचारावं, असं आमच्या गाराबातालमध्ये एकच माणूस म्हणायचा, आणि तो म्हणजे स्वतः कास्तुलो बेरोनेस. पण म्हणायचा असा ठासून, की आपणही तेच म्हणतो असं बाकीच्यांना वाटायला लागलं होतं!

त्याला कारणही होतं. हमरस्त्याला लागून त्याची खाणावळ, नाव 'बिनसावली'. अंगणात दीड पुरुष उंचीचा पिवळा खांब, आणि खांबाच्या बुडातून निघून स्वयंपाकघराची पायरी आणि कोंबड्यांचं खुराडं ओलांडून जाणारी पिवळी रेषा. हे कर्कवृत्त. कास्तुलोचे वडील एपिग्मेनिओ यांनी चाळीस वर्षांपूर्वी एका मोजणीदाराला तीन दिवस बकऱ्याचं मटण खाऊ घालून ही रेषा मोजून घेतली होती. दर एकवीस जूनला सूर्य बरोबर खांबाच्या डोक्यावर यायचा, मिनिटभर खांबाची सावली नाहीशी व्हायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि मग जेवायला बसायचे. म्हातारा गेला, तरी कास्तुलोनं हा सोहळा चालू ठेवला होता.

जेवणारे मात्र कमी झाले होते. पुढं आठ किलोमीटरवर नवा पेट्रोल पंप झाला, तिथं थंडगार दुकान झालं, आणि बसगाड्या आमच्या गावावरून शिट्टी मारत जायला लागल्या. 'बिनसावली'त बारा टेबलं होती. जूनच्या सुरुवातीला दुपारच्या जेवणाला त्यातल्या एकावर माणूस असायचा, तोही आमच्या कबरस्तानातला खड्डे खणणारा चोन, आणि तो नुसती कॉफी प्यायचा! कास्तुलोची बायको नेमेसिया हिनं स्पष्ट सांगून टाकलं होतं, "अहो, नोव्हेंबरपर्यंत बस थांबायला लागली तर ठीक. नाहीतर मी कुलूप लावणार, आणि तुम्ही परत मोंतेर्रेला ट्रक चालवायला जाणार."

कास्तुलो अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्याच्या कमरेला ट्रक हा शब्दसुद्धा सहन होत नव्हता.

अशात राज्याच्या रस्ते खात्याचं पत्र आलं. कर्कवृत्त हमरस्त्याला जिथं छेदतं, तिथं सरकारी पाटी उभारायची आहे, पाटीजवळ बसथांबा होणार आहे, आणि जागा ठरवायला एकवीस जूनला खात्याच्या इंजिनिअर येणार आहेत. कास्तुलोनं ते पत्र बायकोला वाचून दाखवलं, गॅसवाल्याला वाचून दाखवलं, आणि ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा तो पत्र घेऊन मक्याच्या गिरणीवर गेला. सकाळी सगळं गाव तिथं पिठासाठी रांगेत असतं.

रांगेत त्याची थोरली वहिनी ओब्दुलियाही होती. आता हे एक सांगायला हवं. ओब्दुलिया कास्तुलोच्या दिवंगत भावाची, लिब्रादोची बायको. 'बिनसावली'पासून चारशे मीटर दक्षिणेला, त्याच रस्त्यावर, तिचं गोर्दितांचं दुकान. मक्याची जाड भाकरी चिरून आत कोंबलेलं तिचं मिरचीचं सारण खाल्लं की माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत खरं बोलतो, अशी ख्याती! दीर-भावजयीचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. भांडण होतं म्हाताऱ्याच्या पितळी ओळंब्यावरून. ज्या ओळंब्यानं तो खांब सरळ उभा केला, तो म्हाताऱ्यानं थोरल्या लिब्रादोला दिला होता. लिब्रादो गेला, आणि नवव्या दिवसाची प्रार्थना चालू असताना कास्तुलोनं वहिनीच्या कानाशी वाकून विचारलं, "ओळंबा कुठं ठेवलाय?" तेव्हापासून दोघं समोरासमोर आली तरी मध्ये एक माणूस लागायचा. बहुतेक वेळा तो माणूस चोन असायचा.

"चोन," ओब्दुलिया पिठाची बादली खाली ठेवत म्हणाली, "तुझ्या कास्तुलोदादांना सांग, कागदावर 'कर्कवृत्त जिथून जातं तिथं' असं लिहिलंय. 'बिनसावलीत' असं लिहिलेलं नाही."

"दादा, वहिनी म्हणतात की..."

"ऐकलं मी! बहिरा आहे का मी? तिला सांग, कर्कवृत्त माझ्या अंगणातून जातं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"वहिनी, दादा म्हणतात की..."

"सांग त्यांना, गेल्या वर्षी फोनवर नकाशा बघणारा एक सायकलस्वार माझ्या शेळ्यांच्या कुंपणाशी उभा राहून म्हणाला, रेषा वर नाही, इकडंच कुठंतरी आहे. बसथांबा माझ्या दारात होणार!"

रांगेत हशा पिकला. कास्तुलोच्या मस्तकात तिडीक गेली. तो पिठाच्या पोत्यावर चढला आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "सगळ्यांनी ऐका! एकवीस तारखेला, बाराच्या ठोक्याला, माझ्या खांबाची सावली गेली नाही, तर ही मिशी भर अंगणात उतरवीन! आणि गेली, तर बाबांचा ओळंबा मला परत! विचार रे तिला, मंजूर आहे का?"

ती मिशी त्यानं बावीस वर्षांचा असल्यापासून राखली होती. लग्नाच्या फोटोत नवरीआधी मिशी दिसते!

ओब्दुलियानं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ पाहिलं. मग चोनला म्हणाली, "बाराच्या ठोक्याला म्हणाले ना? मंजूर आहे म्हणावं. शेळ्यांची कात्री मी घेऊन येते."

आणि ती हसली. त्या हसण्याचा अर्थ कास्तुलोला तेव्हा कळायला हवा होता.

घरी आल्यावर नेमेसियानं तवा उतरवता उतरवता विचारलं, "बारा वाजता का म्हणालात? दरवर्षी आपण पावणेदोनला करतो."

"ती सरकारची वेळ होती."

इथं पुन्हा थोडं थांबतो. सव्वीस वर्षं सरकार दर उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं ढकलायचं आणि ऑक्टोबरात मागं आणायचं. आमच्या गावानं हे कधी मनावर घेतलं नाही. शाळा आणि बस सरकारच्या वेळेनं चालायची. चर्च, गिरणी, कोंबड्या आणि चोन देवाच्या वेळेनं. लग्नपत्रिकेवर छापायचे, 'समारंभ पाच वाजता, देवाच्या.' गेल्या ऑक्टोबरात सरकारनं हात टेकले आणि घड्याळं कायमची देवाच्या हवाली केली. हा तसा पहिलाच जून होता.

"बरं, सरकारची," नेमेसिया म्हणाली. "मग पावणेदोनमधून सरकारचा तास काढला की पाऊण वाजतो. बारा कुठून आणलेत?"

"नेमेसिया, तू नुसते आकडे मोजतेस. मी विचार करतो. सरकारनं एकच तास चोरला होता हे तुला कुणी सांगितलं? सरकारनंच ना? चोर कधी खरा आकडा सांगतो का? देवाची मध्यान्ह म्हणजे बारा! फादर घंटा बाराला वाजवतात की पाऊण वाजता?"

"पण सरकारनं घड्याळ फिरवायच्या आधी तुमचे बाबा किती वाजता करायचे?"

कास्तुलो टोपी चाचपायला लागला. त्या काळात तो मोंतेर्रेला ट्रक चालवत होता. "ते... वहिनीला माहीत असेल."

"मग विचारा तिला."

"मी? तिला? त्यापेक्षा मिशी काढीन!"

नेमेसियानं तवा परत चुलीवर ठेवला.

एकवीस जूनला आकाश असं निरभ्र की ढगाचं बोटुकही नाही. अंगणात दीडेकशे माणसं जमली. नेमेसियानं खांबाच्या पूर्वेला लांब टेबल मांडलं, त्यावर लाल मिरचीतल्या डुकराच्या मटणाचं मोठं मडकं ठेवलं. लग्नकार्यात करतात तसं मटण, तीन दिवस आधीपासून तयारी! एक ढोलवाला आणि एक क्लॅरिनेटवालाही होता. साडेअकराला सरकारी गाडीतून इंजिनिअर उतरल्या, साइरा मोंताल्वो, तिशीच्या असतील, पायात धुळीचे बूट आणि खांद्यावर मोजणीचं तिकाटणं. कास्तुलोनं त्यांना पहिल्या ओळीत खुर्ची दिली, हातात निवडुंगाच्या बोंडांचं सरबत दिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त बघा. आज तुम्हाला काही मोजावं लागणार नाही."

"पण मला मोजण्यासाठीच..."

"सरबत प्या!"

बाराला पंधरा मिनिटं असताना त्यानं वडिलांचं भाषण सुरू केलं. एका हातात विणायच्या सुईत खुपसलेलं संत्रं, दुसरा हात चुलीकडं.

"ही चूल म्हणजे सूर्य. हे संत्रं म्हणजे आपली पृथ्वी. पृथ्वी ताठ उभी राहून फिरली असती, तर बारा महिने दिवस तेवढाच आणि रात्र तेवढीच. ना उन्हाळा, ना थंडी, ना निवडुंगाला बोंडं! पण देवानं तिला जरा कलती ठेवली. किती? साडेतेवीस अंश! म्हणजे शनिवारी संध्याकाळी आपला चोन असतो, त्याहून थोडी कमी!"

लोक हसले. चोननं टोपी काढून मानवंदना स्वीकारली.

"जूनमध्ये आपला भाग सूर्याकडं झुकतो, म्हणून दिवस मोठा आणि ऊन टाळूवर. डिसेंबरात आपण त्याच्यापासून लांब कलतो, म्हणून सहालाच दिवे लावावे लागतात. आणि आज, मंडळी, झुकायची हद्द! सूर्य याच्यापुढं उत्तरेला पाऊल टाकत नाही. इथवर येतो, माझ्या अंगणात, या खांबाच्या डोक्यावर उभा राहतो, आणि माघारी वळतो!"

"जेवायला नाही थांबत?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या इथं हल्ली कुणीच थांबत नाही, तो तरी कशाला थांबेल!" दुसरा म्हणाला.

एवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. कास्तुलोनं हात वर केला. दीडशे माणसं श्वास रोखून खांबाच्या बुडाकडं बघायला लागली. बारा ठोके पडले. ढोलवाल्यानं ढोल बडवला.

सावली होती तिथंच होती. पश्चिमेला, दोन विती लांब, मांजरासारखी पसरलेली.

"दादा," चोन म्हणाला, "सावली आहे."

"कुठं?"

"ही काय. तुमच्या बुटावर."

कास्तुलोनं बूट मागं घेतला. सावली जमिनीवर पडली. "फादरांची घंटा पुढं असेल," तो म्हणाला. दोन मिनिटं गेली. कुणीतरी खोकलं. इंजिनिअरबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो काका, अजून..."

"बाई, तुम्ही सरकारी माणूस. देवाच्या वेळेतलं तुम्हाला काय कळणार!"

बाईंनी सरबताचा घोट घेतला. नेमेसियानं त्यांच्या पुढ्यात मटणाची बशी ठेवली, तेव्हा त्यांनी बोलण्याचा नादच सोडला.

कास्तुलोला घाम फुटला होता. समोर इंजिनिअर, डोक्यावर बसथांबा, नाकाखाली मिशी! आणि अचानक त्याला आठवलं. फेब्रुवारीत कांद्याचा ट्रक मागं घेताना खांबाला घासला होता!

"खांब कलला आहे!" तो ओरडला. "सूर्य बरोबर आहे, खांब वाकडा आहे! ट्रकनं धडक दिली, आणि तपासायला ओळंबा माझ्याकडं नाही! कुणाकडं आहे ते तुम्हाला माहीत आहे!"

लोकांना ते पटलं. खांब दगडी खाचेत चार पाचरी ठोकून बसवलेला होता. कास्तुलोनं पूर्वेची पाचर उपटली आणि दोघांना हाताशी घेऊन खांब पूर्वेकडं रेटला. सावली आखडायला लागली. दीड वीत. एक वीत. चार बोटं. नाहीशी!

काय टाळ्या पडल्या! क्लॅरिनेटवाल्यानं लग्नातलं गाणं धरलं. कास्तुलोनं मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ दिला. "ओळंबा आणा!" तो दक्षिणेकडं तोंड करून गरजला. "पळा रे कुणीतरी, वहिनीला सांगा!"

"दादा," चोन म्हणाला, "बाहेर आली."

"कोण, वहिनी?"

"सावली. पलीकडून."

खरंच! सूर्य काही टाळ्या ऐकायला थांबला नव्हता. तो वर चढत होता आणि आता सावलीनं पूर्वेकडून बोटभर जीभ काढली होती.

"जास्त रेटला गेला," कास्तुलो म्हणाला. "जरासा मागं घ्या!"

मागं घेतला तर पश्चिमेला आली. पुढं केला तर पूर्वेला. मग एक पाचर आणखी काढली. मग दोर आणला. मग सहा जण दोराला लागले आणि बाकी एकशेचव्वेचाळीस सल्ला द्यायला. "डावीकडं!" "तुझी डावी की माझी?" "खांबाची!" दर चार मिनिटांनी सावली जायची, टाळ्या व्हायच्या, ढोल वाजायचा, आणि पुन्हा कुणीतरी म्हणायचं, "आली!" जे काम गुपचूप उभं राहिलं तर सूर्य फुकटात करून देणार होता, त्यासाठी अर्धं गाव दोरावर लोंबकळत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

साडेबारानंतर चौथी पाचर कुणी काढली, यावर गावात अजून वाद आहे. चोन म्हणतो कास्तुलोनं. कास्तुलो म्हणतो सरकारनं. काही असो, खांब एकदा डुलला, दोरवाले सहाही जण एकाच वेळी बाजूला उडाले, आणि चाळीस वर्षं उभा असलेला तो खांब पूर्वेच्या टेबलावर मडक्यासकट आडवा झाला. लाल रस्सा चौफेर उडाला. ढोलवाल्याचा शर्ट, फादरांचा झगा, सरकारी गाडीची काच, काही म्हणून सुटलं नाही. सुदैवानं कुणाला लागलं नाही. एक हाडूक तेवढं कास्तुलोच्या रुंद काठाच्या टोपीत पडलं.



"दादा," चोन हळूच म्हणाला, "खाली बघा."

कास्तुलोनं खाली पाहिलं. त्याच्या टोपीची सावली त्याच्याच पायांभोवती गोल पडली होती. सगळ्यांच्या तशाच. दीडशे माणसं, आणि प्रत्येकाची सावली ज्याच्या त्याच्या बुटांपाशी गोळा झालेली. खुर्च्यांना सावली नाही, कुंपणाच्या काठ्यांना नाही, कोंबड्यांना नावापुरती. सगळ्या अंगणात एकच लांबलचक सावली उरली होती, ती टेबलावर तिरक्या पडलेल्या खांबाची!

"बारा चव्वेचाळीस," इंजिनिअरबाई घड्याळात बघत म्हणाल्या. त्या दिवशीचं हे त्यांचं पहिलं पुरं झालेलं वाक्य. "हेच मघापासून सांगत होते. घड्याळातले बारा हे इथले बारा नसतात हो काका. ते लांब पूर्वेकडच्या एका रेखावृत्ताचे असतात. आपल्याकडं सूर्याला पोचायला पाऊण तास जास्त लागतो."

नेमेसियानं नवऱ्याकडं पाहिलं. ते पाहणंच जास्त लागलं.

तेवढ्यात फाटकातून ओब्दुलिया आली. एका हातात शेळ्यांची कात्री, दुसऱ्या हातात पितळी ओळंबा. ती हसत हसत आत शिरली आणि तिला आडवा खांब दिसला. हसू गेलं. चोन सवयीनं दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला, तर तिनं त्याला बाजूला ढकललं.

"भावजी! हे काय केलंत?"

सहा वर्षांत पहिल्यांदा ती सरळ बोलली होती. कास्तुलोनं हनुवटीनं खांबाकडं खूण केली. "वहिनी, तो... तो वाकडा झाला होता."

"वाकडा? दर ईस्टरला तुम्ही मिरवणुकीत असता, तेव्हा मी इथं येऊन ओळंबा लावून जाते! यंदाही लावला. केसभर वाकडा नव्हता! सासऱ्यांचा खांब होता तो, माझ्या डोळ्यांदेखत उभा केलेला!"

"तू येतेस? इथं?"

"येते ना," नेमेसिया म्हणाली. "कॉफी पिऊन जाते."

कास्तुलोनं बायकोकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं, आणि खाली पडलेल्या खुर्च्यांतली एक सरळ करून त्यावर बसला. वर हनुवटी केली. शब्द म्हणजे शब्द! ओब्दुलियानं कात्री चालवली, नेमेसियानं वस्तरा आणला, आणि पाच मिनिटांत छत्तीस वर्षांची मिशी पिवळ्या रेषेवर पडली. वरचा ओठ असा पांढरा निघाला, की पहिल्या ओळीतल्या एका बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"वाईट झालं," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "तुम्ही खांबाला हातच लावला नसता, तर पैज निदान अर्धी जिंकला असता. बारा चव्वेचाळीसला त्याचीही सावली गेलीच असती."

"म्हणजे रेषा इथूनच जाते!" कास्तुलो उठून उभा राहिला.

"नाही. सावली काय, आज आसपासच्या गावांतही जाते. एवढ्या थोड्या अंतरात फरक डोळ्यांना दिसतच नाही. रेषा मोजावी लागते."

"मग माझ्याकडं!" ओब्दुलिया म्हणाली.

बाईंनी उत्तर न देता तिकाटणं खांद्यावर घेतलं आणि रस्त्यानं दक्षिणेकडं चालायला लागल्या. मागं सगळं गाव. रश्श्यात भिजलेला ढोलवालाही ढोल घेऊन निघाला. चारशे मीटर गेल्यावर ओब्दुलियाचं दुकान आलं, शेळ्यांचं कुंपण आलं. ओब्दुलियानं शालीच्या टोकाआड विजयाचं हसू लपवलं. इंजिनिअरबाई थांबल्या नाहीत! कुंपण मागं पडलं. ओब्दुलिया धावत पुढं गेली. "बाई, अहो बाई! इथं!"

"इथून ती गेली. बारा-तेरा वर्षं झाली."

"गेली म्हणजे? रेषा काय पाय फुटून जाते?"

बाईंनी कास्तुलोच्या कमरपट्ट्यात सुईसकट खोचलेलं संत्रं मागून घेतलं. इतक्या गडबडीत ते तिथंच राहिलं होतं. "पृथ्वी कलती आहे, बरोबर? पण तिचा कल कायम तेवढाच राहत नाही. हल्ली ती अगदी हळूहळू सरळ होतेय." त्यांनी सुई कणभर उभी केली. "कल कमी झाला, की सूर्य उत्तरेला थोडा कमी येतो. रेषा दक्षिणेला सरकते. वर्षाला साडेचौदा मीटर."

"सरळ होतेय?" चोन अविश्वासानं म्हणाला. "या गावात राहून?"

"बारा-तेरा वर्षं," ओब्दुलिया पुटपुटली. "म्हणजे आमच्या घराखालून गेली तेव्हा लिब्रादो होता. आम्ही दोघं वर झोपलेलो असू." ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. कास्तुलो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून त्यानं टोपीतलं हाडूक काढून फेकलं आणि टोपीची सावली तिच्या डोक्यावर धरली.

"मग माझ्या बापाची रेषा चुकीची होती?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. मिशीशिवाय तो आवाजही वेगळाच वाटत होता.

"नाही हो! अगदी अचूक होती. फक्त ज्या वर्षी ओढली, त्या वर्षापुरती."

त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. बसथांबा गेला होता, मिशी गेली होती, खांब पडला होता. पण बाप बरोबर होता.

मोजणी जिथं संपली, ती जागा होती आमच्या कबरस्तानाची उत्तरेची भिंत. बाईंनी भिंतीवर खडूची रेघ मारली. भिंतीच्या आत, सगळ्यांपासून फटकून, एकटी एपिग्मेनिओंची कबर आहे. म्हाताऱ्यानं मरायच्या आधी ही जागा हट्टानं मागून घेतली होती आणि आम्ही सगळे म्हणालो होतो, विक्षिप्तच माणूस! कास्तुलोनं रेघेपासून कबरीपर्यंत पावलं टाकून अंतर मोजलं. पंधरा भरली, म्हणजे रेषेची एका वर्षाची चाल. त्यानं ओब्दुलियाकडं पाहिलं. तिनं ओळंबा त्याच्या हातात ठेवला.

"पुढच्या वर्षी लागेल इथं," ती म्हणाली. "आणि पाऊण वाजता, भावजी. सासरे पाऊण वाजता करायचे."

"म्हणजे पाटी इथं?" चोननं विचारलं. "आणि बस माझ्या फाटकाशी थांबणार?"

"हो."

चोननं थोडा विचार केला आणि फाटकाजवळच्या आपल्या घरात जाऊन थंड पेयांची एक पेटी बाहेर आणून ठेवली. सहा वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवून माणूस शहाणा होतो, असं दिसतं!

निघताना कास्तुलोनं गाडीच्या काचेवरचा रस्सा पुसत बाईंना शेवटचं विचारलं, "ती परत नाही येणार का हो? माझ्या अंगणात?"

"येईल ना. पृथ्वी एका हद्दीपर्यंत सरळ होते, मग पुन्हा कलायला लागते. रेषाही माघारी फिरेल."

"कधी?"

"वीसेक हजार वर्षांत."

कास्तुलो घरी आला, ओळंबा लावून त्यानं खांब पुन्हा उभा केला, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला स्वतःच्या हातानं रंगवून एक फळी टांगली: 'रेषा बाहेर गेली आहे. परत येईल. जेवण चालू आहे.'

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बस फळीच्या पुढं निघून गेली, थांबली, आणि मागं मागं येत दारात उभी राहिली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय हो ताई, कधी परत येणार?"

"वीस हजार वर्षांनी," नेमेसिया म्हणाली. "तोवर बसा. गोर्दिता गरम आहेत, जाऊबाईंनी आत्ताच पाठवल्यात."